पेंडीवरची शीग

मित्रांनो, मी मापाचा एक जुना डबा आहे. पत्र्याचा, एका कानाचा. माझी गोष्ट तुटक होईल, कारण तोंडापर्यंत भरलेल्या डब्याला बोलता येत नाही. रिकामा असेन तेवढ्यात सांगून घेतो.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून कापलं. माझा कान जोडताना त्याचा अंगठा भाजला. त्याने हासडलेली शिवी ही माझी पहिली आठवण.

मग मी या घरात आलो, सासूबाईंच्या हातात. शेजारीण धान्य उसनं मागायला आली की सासूबाई मला भरायच्या आणि वर दाण्यांचा डोंगर रचायच्या. त्या डोंगराला शीग म्हणतात. "माप द्यावं तर या घरानं," असं शेजारणी म्हणायच्या. मी फुगून जायचो. शीग म्हणजे माया, हे मी पंचवीस वर्षं शिकलो.

थांबा, भरतायत.

रिकामा झालो. तर, या घरात सून आली आणि दोन वर्षांनी सुनेने हंसाची अठरा पिल्लं आणली. खाद्याच्या खोलीच्या दारावर तिने एक कागद चिकटवला. मक्याचा भरडा चार डबे. गव्हाचा कोंडा दोन. सोयाबीनची पेंड एक. क्षारांची भुकटी दोन चमचे. खाली लाल शाईने मोठ्या अक्षरात: सपाट! शेजारी एक लाकडी पट्टी टांगली. डबा भरायचा, काठावरून पट्टी फिरवायची, डोंगर पाडायचा.

"आई, पट्टी विसरू नका हं."

"नाही गं बाई. आता मापालाही शिस्त लागणार तर!"

सून सकाळचं खाद्य मिसळून कामावर जाई. दुपारचं सासूबाई मिसळत. पिल्लं माना उंचावून त्यांच्या पायांत घोटाळत. "आलं रे, आलं. लेकरांच्या तोंडावर कसली पट्टी फिरवायची?" असं म्हणून त्या पेंडीवर शीग लावत. वर एक मूठ. कधी दोन. पेंड ताकदीची, पिल्लं झपाट्याने वाढणारी. मला वाटलं, किती छान! मित्रांनो, मला खरंच तसं वाटलं.

पाचव्या आठवड्यात एका पिल्लाचा पंख बाहेर वळला. मनगटापासून उलटा, दार अर्धवट उघडं राहावं तसा. मग दुसऱ्याचा. मग सात.

सुनेने जाळी तपासली, मांजरावर संशय घेतला, गवत बदललं. ती जेवेना. "माझंच काहीतरी चुकतंय, आई."

सासूबाई भाकरी थापत होत्या. हात क्षणभर थांबला. मग त्यांनी भाकरी तव्यावर टाकली.

मलाही सगळं

हं. भरलं होतं. मलाही सगळं ठाऊक होतं, पण डब्याचं कोण ऐकतं?

गुरांचे डॉक्टर आले. पंख चाचपून म्हणाले, "उपासमार नाही, अतिलाड आहे. पिसं भराभर वाढली, जड झाली, कोवळ्या सांध्याला पेललं नाही. पेंड किती घालता?"

"एक डबा. सपाट," सून म्हणाली.

"ताई, हे पंख तसं सांगत नाहीत."

मग सासूबाईंनी मला उचललं, पेंडीच्या पोत्यात बुडवलं, शीग लावली, वर मूठ टाकली आणि डॉक्टरांसमोर धरलं. "इतकी. रोज दुपारी. माझ्या हाताला दुसरं येतच नाही हो."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंकडे पाहिलं नाही. ते त्यांना जास्त लागलं.

पंख मऊ पट्ट्यांनी अंगाशी बांधले, पेंड मोजून दिली. पाच दिवसांत सहांचे पंख जागेवर आले. सातवा सगळ्यांत दांडगा, सासूबाईंचा लाडका, त्याच्याच वाट्याला जास्त मुठी आलेल्या. त्याचा पंख तसाच राहिला.

मला अडगळीत टाकलं. महिनाभर कोळ्यांशिवाय कोणी विचारलं नाही. एका दुपारी सूनच मला शोधत आली, धुतलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं.

"नको गं. माझा हात वाईट."

"हात वाईट नाही, आई. पेंडीला पट्टी. गवत मात्र हवं तेवढं घाला, त्याला शीग चालते."

आता सासूबाई पेंडीवरून दोनदा पट्टी फिरवतात. मग मला कोवळ्या गवताने भरतात आणि आधी त्या सातव्याकडे जातात. तो धावत येतो. तो पंख हलत नाही.

मित्रांनो, कोणाला काही भरभरून देताना आधी एवढं विचारा: याला पेलेल का? मी विचारलं नाही. मी नुसता फुगलो.

थांबा, गवत भरतायत. शीग लावून