ओवाळणीतला फ्लॅट

दत्तोबांनी खिशातला कागद पुन्हा चाचपला आणि पुन्हा फाटकाशी जाऊन उभे राहिले. आज भाऊबीज, आणि धाकटी बहीण गोदाबाई कात्रजहून अजून पोहोचली नव्हती.

वाघोलीची जमीन बिल्डरला देऊन दत्तोबांना चार फ्लॅट मिळाले होते. त्यांच्या जुन्या मृत्युपत्रात चारही मुलाच्या, राकेशच्या नावावर. बहिणीचा विषयच नव्हता. वडील गेल्यावर तिची हक्कसोडपत्रावर सही घेतली होती, आणि तेव्हा या माळाला कुत्रं विचारत नव्हतं, असं सगळेच म्हणायचे. पण यंदा नवऱ्याची नोकरी संपून गोदाबाईचं भाड्याचं घर सुटलं, दोघं लेकीकडे जाऊन राहिली, आणि दत्तोबांच्या जिवाला चैन पडेना. दिवाळीच्या तोंडावरच त्यांनी कर्वेनगरचे वकील गाठले.

"दिवाळीत लोक घर झाडतात, तुम्ही मृत्युपत्र झाडायला काढलंत," वकील म्हणाले. एक फ्लॅट बहिणीला, असा मसुदा त्यांनी करून दिला. सह्या मात्र सुटीनंतर, कारण साक्षीदार फराळाला पांगले होते.

घरी राकेशने तोंड वाकडं केलं. आत्याला दर दिवाळीला भारीतली साडी देतोच की, असं त्याचं म्हणणं. दत्तोबांनी मसुद्याची घडी करून खिशात घातली. पोराचं तरी काय चुकलं, बापानेच शिकवलेलं.

गोदाबाई आली ती दुपार टळल्यावर. हातपाय धुऊन तिने ताट केलं, दत्तोबा पाटावर बसले. कुंकू लागलं, अक्षता पडल्या. निरांजन फिरवून झालं तसा दत्तोबांनी कागद ताटात ठेवला. आता ही रडणार, असं त्यांना वाटलं.

गोदाबाईने चष्मा लावून कागद सगळा वाचला. राकेश दारात उभा राहून पाहत होता.

"माझ्या नावानं फ्लॅट?"

"व्हय. तुझाच हाय त्यो."

"माझाच हाय, मग ओवाळणीत कशाला घालतोस?" तिचा आवाज चढला नव्हता. "मला नको असं न्हाई दादा. मला पायजे. पन आज ताटात घेतला, तर उद्या पोरं म्हनतील, आमच्या बापानं दान दिलं. सुटी संपली की वकिलाकडं जाऊ, मी बी येते. तुझी भन म्हनून न्हाई, आपल्या बापाची लेक म्हनून लिही."

तिने घडी घालून कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि ताट पुढे धरलं. "आता माझी ओवाळणी दे."

दत्तोबांनी या खिशात हात घातला, त्या खिशात घातला. कागदाच्या नादात ते जन्मात पहिल्यांदाच पैसे न घेता पाटावर बसले होते. राकेशने स्वतःचं पाकीट काढलं, तशी गोदाबाईने त्याच्याकडे न बघताच नकाराची मान हलवली.

दत्तोबा गुडघ्यावर हात टेकून उठले. कपाळावर ओलं कुंकू घेऊन ते आतल्या खोलीत कपाटं उघडत राहिले. शरमेने त्यांना काही सुचत नव्हतं.

"सावकाश बघ," बाहेरून गोदाबाई म्हणाली. "मी हाय."

निरांजनातलं तूप संपत आलं होतं. ती ताट धरून उभीच राहिली.