धाकटीच्या बरण्या

आमच्या घरात रस्सा करायचा तो मीच. कांदा बारीक चिरायचा, मंद आचेवर तांबूस होईस्तोवर परतायचा आणि शेगडीपासून हलायचं नाही. मीठ घालायचं ते मुठीच्या अंदाजाने, चव न बघता. "थोरलीचा हात म्हणजे काटा आहे," असं सासूबाई चारचौघांत सांगायच्या, आणि तेवढ्यावर मी ताठ मानेने वावरायचे.

मग धाकटी जाऊ आली. तिने ओट्यावर दोन बरण्या मांडल्या. एकीत कांदापूड, दुसरीत कांदामीठ. "हे कांदामीठ घातलं तर वेगळं मीठ नको हं, ताई," असं ती सांगत होती तेव्हा मी मुद्दाम भांडी आपटत होते. एका कांद्याऐवजी चमचाभर पूड, की झाला हिचा रस्सा. सासूबाईंनी वाटी चाटूनपुसून साफ केली आणि जाहीर केलं, "रविवारी विहीणबाई येताहेत. रस्सा धाकटी करेल."

माझा नुसता जळफळाट झाला.

रविवारी ऐनवेळी धाकटीला ऑफिसातून बोलावणं आलं. "ताई, तेवढा रस्सा बघाल?" म्हणत ती पळाली. मी बाहेर कुणाला बोलले नाही. तिच्याच बरणीतून तिच्यापेक्षा सरस रस्सा करायचा, सगळ्यांनी तिचं नाव घेतलं की सावकाश म्हणायचं, मी केलाय. एक बरणी उघडली. कांद्याचा वास आला, मग काय बघायचंय? चांगले सात-आठ चमचे घातले आणि वर माझी नेहमीची मूठ.

पहिल्याच घासाला विहीणबाईंनी पाण्याचा पेला उचलला. पाठोपाठ त्यांच्या सुनेने, म्हणजे माझ्या नणंदेने. मीही घास घेतला, नुसतं मीठ. तेवढ्यात धाकटी आली, खांद्यावरची पर्सही न काढता तिने वाटीत बोट बुडवून चाखलं आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "घाईघाईत कांदामीठ घालून गेले."

"अगं, होतं असं," विहीणबाई हसल्या. "कबूल तरी केलंस. हल्ली कोण करतं?" सासूबाईंनी तिला हाताला धरून शेजारी बसवलं. माझ्या हातून हे झालं असतं तर वर्षभर ऐकावं लागलं असतं.

पाहुणे गेल्यावर मी खरकटी काढत होते. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "बघितलंस ना? शीक जरा तिच्याकडून."

मी म्हटलं, "हो."