ठोकल्याशिवाय न उठणारा

मी एक जुना स्टार्टर आहे, मित्रांनो. एका डिझेल जीपच्या इंजिनाला खालून बिलगून मी आयुष्य काढलं. आता एका खिडकीत बसलो आहे. खिडकीतून अंगण दिसतं.

माझं काम ऐकलंत तर हसाल. किल्ली फिरली की मी जागा व्हायचो, माझं छोटं दातेरी चाक पुढे सरकवून इंजिनाच्या मोठ्या चाकाला गिरकी द्यायचो, आणि इंजिन धडधडू लागलं की मागे सरून पुन्हा झोपायचो. दोन-तीन क्षणांची नोकरी! बाकीचा सगळा प्रवास मी झोपेतच केला. ओढ्याचं गार पाणी अंगावरून गेलं, चढावरचे दगड पोटाला घासले, सगळं स्वप्नासारखं आठवतं. त्या स्वप्नात वरून दोन आवाज यायचे.

एक आवाज गुरांच्या डॉक्टरीणबाईंचा. डोंगरातल्या लांबलांबच्या गोठ्यांवर त्या याच जीपने जात. दुसरा त्यांच्या सासऱ्यांचा. त्यांचा सगळा जन्म गाड्या दुरुस्त करण्यात गेला होता. सासूबाई गेल्या, मुलगा दूरच्या शहरात नोकरीला, आणि सून सकाळी बाहेर पडली की म्हाताऱ्यांना घर खायला उठायचं.

नेमका त्याच सुमारास मी आळसावलो. किल्ली फिरली की नुसता 'टक' करायचो आणि गप्प. सासरे पोतं अंथरून जीपखाली शिरले, पान्याने माझ्या पाठीवर दोन ठोके दिले आणि म्हणाले, "मार किल्ली." मी खडबडून उठलो.

"हा आता असंच करणार," बाहेर येऊन हात पुसत ते बाईंना म्हणाले. "ठोकायला कोणीतरी बरोबर पाहिजे."

"मग चला की बाबा तुम्हीच."

झालं! त्या दिवसापासून शेजारची सीट त्यांची झाली. रोज सकाळी बाईंच्या आधी त्यांचे बूट तयार. वाटेत गप्पांना ऊत यायचा. कुठल्या वळणावर कुठली गाडी बंद पडली होती, सासूबाई कशा रागवायच्या, सगळं मी अर्धवट झोपेत ऐकलं. परतताना पुन्हा पोतं, पुन्हा दोन ठोके. ते ठोके मला कधी लागले नाहीत. त्यांचा हात फार हलका होता.

मग एकदा चिखलात जीपखाली शिरलेले सासरे बाहेर येईनात. पाठीत उसण भरली होती. बाईंनी त्यांना काखेत धरून ओढून काढलं. चिखलाने माखलेल्या त्यांच्या बुटांकडे त्यांनी एकदा बघितलं, आणि दुसऱ्याच दिवशी जीप गॅरेजात उभी केली.

मिस्त्रीने बॅटरीची तार सोडली, बोल्ट काढले आणि मला उजेडात आणलं. मागचं झाकण उघडून तो म्हणाला, "वीज आत नेणारे कार्बन पार झिजलेत. हे वेळेवर बदलले असते तर हा अजून खूप चालला असता. आता आतलं तांबंही खरवडलं गेलंय, नवाच बसवू." मग सासऱ्यांकडे वळून त्याने विचारलं, "काका, तुम्हाला तर आवाजावरून कळलं असेल?"

काका भिंतीला टेकवलेल्या टायरांचं निरीक्षण करू लागले. बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मलाही तेव्हाच उमगलं, मित्रांनो. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी बरा झालो असतो तर त्यांना घरी बसावं लागलं असतं. मला राग आला का? खरं सांगू, नाही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला या खिडकीत ठेवलं. अंगणात किल्ली फिरली आणि नव्या स्टार्टरने एका दमात इंजिन उठवलं. मला जरा हेवा वाटला. सासरे पायरीवर अनवाणी बसून होते.

"बाबा, बूट घाला. गाय अडलीय, उशीर होतोय."

"आता मी कशाला? चालू झाली ना गाडी."

बाई उतरून त्यांच्याजवळ आल्या. "यायचं होतं तर नुसतं म्हणायचं ना, बाबा."

"म्हटलं असतं," सासरे खाली बघत म्हणाले, "पण तू नको म्हणाली असतीस तर?"

बाईंनी कोपऱ्यातले बूट उचलून त्यांच्या पायांपाशी ठेवले. "तुम्ही नसलात की मला त्या रस्त्यावर करमत नाही. चला."

सासऱ्यांनी बुटाची नाडी बांधायला एवढा वेळ लावला, की बाईंनाच खाली बसून ती बांधावी लागली.

जीप फाटकाबाहेर गेली. आत दोन माणसं होती, आणि पोतं अंगणातच पडलं होतं.

मित्रांनो, यंत्राचे कार्बन वेळेवर बदलत जा. आणि घरातलं कोणी रोज काहीतरी निमित्त काढून तुमच्याबरोबर येत असेल, तर ते निमित्त झिजून संपायची वाट बघू नका. त्याआधीच त्यांना 'चला' म्हणा.