मशीन गप्प झालं

“माणसानं बनवलेलं असं एकही यंत्र या भूतलावर नाही, जे हरिश्चंद्र शिवलकरापुढे आवाज काढेल!”

हे वाक्य शिवलकरांनी छाती पुढे काढून उच्चारलं. फक्त उच्चारताना नाकावर मास्क चढवलेला आहे आणि मशीन चालू आहे, एवढं ते विसरले. ‘माणसानं’पर्यंत ठीक गेलं. पुढे नाकातून आत ढकललेली हवा उघड्या तोंडावाटे बाहेर सुटली आणि यंत्र, भूतल, हरिश्चंद्र हे सगळं ‘भुर्रर्र’ अशा एकाच शब्दात आटोपलं. समोर चहा पीत बसलेल्या महिपतने चेहऱ्यावर उडालेले शिंतोडे खांद्यावरच्या टॉवेलने पुसले.

“काय म्हणालास?”

शिवलकरांनी मास्क कपाळावर सरकवला. “म्हटलं, करतो दुरुस्त.”

“मग असं मराठीत सांग ना मेल्या.”

महिपत त्यांचा बोटीवरचा जोडीदार. दोघांचं आयुष्य इंजिनरूममध्ये गेलं, शिवलकरांचं फिटर म्हणून आणि महिपतचं ऑइलर म्हणून. आता दोघंही निवृत्त होऊन मिऱ्या गावात शेजारी शेजारी राहत होते आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या घरचा चहा जास्त आवडत होता.

मशीन झोपेचं होतं. शिवलकर कायमचे घरी आले तेव्हा त्यांच्यासोबत त्यांचं घोरणंही आलं. त्यांच्या बायकोने, काशीने, ते महिनाभर सोसलं. मग एका संध्याकाळी तिने आपली उशी उचलली आणि मागच्या खोलीत गेली. लग्नाआधी त्यांची मुलगी वेदिका तिथे अभ्यास करायची. “तुमच्या घोरण्यानं कौलं सरकायला लागलीत,” काशी म्हणाली. शिवलकरांना तेव्हा हसू आलं होतं. पुढे डॉक्टर म्हणाले की घोरण्याचं सोडा, झोपेत तुमचा श्वासच थांबतो, रोज रात्री हे मशीन लावायचं. मशीन आलं आणि पहिल्याच रात्री घोरणं बंद. काशी उशी घेऊन परत आली. दोन रात्री झोपली. तिसऱ्या सकाळी तिने उशीचा अभ्रा सारखा करत सांगितलं, “शिट्टी मारतंय हो ते रात्रभर. त्यापेक्षा घोरणं बरं होतं, निदान माणसाचं तरी होतं.”

उशी पुन्हा मागच्या खोलीत गेली. तेव्हापासून मासळीवालीपासून किराणावाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं, की शिवलकरांच्या मशीनमुळे काशीवहिनींच्या डोळ्याला डोळा लागत नाही. लोक हळहळायचे. काशी चांगली गुबगुबीत होत चालली होती, पण त्याकडे हळहळणाऱ्यांचं लक्ष नव्हतं.

शिवलकरांना ती उशी परत हवी होती. दुसरं काही नको होतं. खाली इंजिन धडधडत असताना, अरुंद बंकवर पडून त्यांनी नोकरीभर एकच चित्र रंगवलं होतं. घर आपलं, पलंग आपला, दिवा मालवलेला, आणि अंधारात काशी दिवसभरातलं काहीबाही सांगतेय. बोटीवर हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर पुढच्या बंदरापर्यंत पोरांनी जगू दिलं नसतं. घरी आल्यावर सांगायची सोय होती. पण मग सवय राहिली नव्हती.

म्हणून ते गेले काही दिवस मशीनच्या मागे लागले होते. फिल्टर धुऊन झाला. नळी बदलून झाली. मशीनखाली बोटीवरून आणलेलं जाड रबर अंथरून झालं. काशी येता-जाता बघायची आणि म्हणायची, “कशाला जीव काढताय? असू दे. मला काही तक्रार नाही.” बायकोच्या या मोठ्या मनाने शिवलकरांना आणखीच चेव यायचा.

आज त्यांनी महिपतला बोलावलं होतं. महिपतने रीतसर, इंजिनरूमच्या पद्धतीने, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटले. मग स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवून, शिवलकरांना क्षणभर मास्क नाकावर धरायला लावून तो त्यांच्या तोंडाजवळ वाकला.

“मशीनला काही झालेलं नाही. गळती तुझ्या नाकाखाली आहे. मिशीमुळे मास्क बसत नाहीय. काढून टाक ती.”

“मिशी?”

“मग काय नाक?”

त्या मिशीला सिंगापूरपासून रॉटरडॅमपर्यंत ओळख होती. पासपोर्टवर फोटो मिशीचाच होता, शिवलकर नुसते तिच्यामागे उभे होते.

“मिशी नाही काढणार.”

“नको काढू. मशीन शिट्टी मारेल आणि वहिनी मागच्या खोलीत झोपतील. मला काय?”

“तुझी बायको कुठे झोपते रे?”

“राजापूरला, भावाकडे.” महिपतने कपातला शेवटचा घोट घेतला. “आणि मी तर घोरतसुद्धा नाही.”

यावर शिवलकरांना विचारण्यासारखं पुष्कळ होतं. पण महिपत कप विसळायला उठून गेला होता.

संध्याकाळी शिवलकर सलूनमध्ये गेले. न्हाव्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. परतताना ओळखीची दोन माणसं समोरून सरळ निघून गेली आणि वाऱ्याची झुळूक वरच्या ओठाला थेट लागली. एकूण, भर रस्त्यात कुणी सदरा काढून घ्यावा तसं वाटत होतं. तरी ते घाईघाईने चालत होते. लग्न ठरल्यावर काशीला पहिल्यांदा भेटायला निघाले होते तेव्हाही असेच चालले असतील.

काशीने पानं वाढायला घेतली होती. शिवलकर पाटावर बसले आणि त्यांनी मान वर केली. भात वाढणारा तिचा हात पातेल्यावरच थांबला.

“मिशी?”

“काढली.”

“का?”

“मशीनसाठी. गळती तिथेच होती. आता शिट्टी नाही की काही नाही.”

काशी त्यांच्या ओठाकडे बघत राहिली. मग भात वाढला, त्यावर बांगड्याचं सार वाढलं आणि मग, त्यांनी न मागता, एक तुकडा जास्त वाढला.

“इतकं करायची काय गरज होती हो?” ती म्हणाली. आवाज अगदी उतरला होता.

शिवलकरांना भरून आलं. “तुझ्यापेक्षा मिशी जास्त आहे काय गो?” ते पानात बघत म्हणाले. असलं वाक्य त्यांनी याआधी कधी म्हटलं नव्हतं, त्यामुळे पुढचे चार घास ते चावायचे विसरले.

“आजची रात्र बघू या,” काशी म्हणाली. “नीट चालतंय की नाही ते कळू दे.”

हे रास्त होतं. कुठलीही दुरुस्ती झाली की आधी चाचणी घ्यायची, ही शिस्त शिवलकरांचीच.

त्यांनी अंथरुणावर पडून मास्क चढवला, पट्टे ओढले, बटण दाबलं. मास्क गुळगुळीत ओठावर चपखल बसला. शिट्टी नाही. फुसफुस नाही. नुसता आपलाच श्वास, तोही दुसऱ्या कुणाचा असावा इतका हलका. शिवलकर अंधारात एकटेच हसले.

आणि मग त्यांना खडखडाट ऐकू आला.

खड खड खड, मधेच एक कर्रर्र, पुन्हा खड खड. शिवलकरांनी मशीन बंद केलं. खडखडाट चालूच राहिला. इतके दिवस शिट्टीखाली दबलेला आवाज आता ऐसपैस घरभर फिरत होता. बेअरिंग गेलंय, शिवलकरांनी निदान केलं, पण कशाचं? ते उठले आणि आवाजाच्या मागावर निघाले. फ्रिज नव्हे. पंप नव्हे. आवाज माजघर ओलांडून मागच्या खोलीच्या दाराशी नेऊन सोडत होता. त्यांनी दार लोटलं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर एक जुना टेबलफॅन होता. जाळी एका बाजूने सुटलेली, मान वळताना सगळं अंग हलत होतं. त्याच्यासमोर काशी गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, एक हात डोक्याखाली. पलंगाचा उरलेला अर्धा भाग तिच्या चष्म्याने, बामच्या बाटलीने, मोबाइलने आणि घडी करून ठेवलेल्या साड्यांनी पायथ्यापर्यंत भरलेला होता. तिची झोप बघून कुणालाही हेवा वाटला असता.

शिवलकर दारात उभे राहिले. मास्कच्या पट्ट्यांचे वळ गालांवर तसेच होते. किती वेळाने कोण जाणे, काशीने डोळे किलकिले केले.

“कोण? तुम्ही?”

“मशीन गप्प झालंय.”

“हं.”

“अजिबात आवाज नाही. तेच सांगायला...”

पंखा मान फिरवून त्यांच्याकडे आला, खडखडला आणि परत गेला.

“हा केव्हापासून असा वाजतो?”

“पहिल्यापासून. वेदिका शाळेत जायची तेव्हा घेतलेला, तुम्ही बोटीवर होतात. वाजला नाही तर मला झोप नाही लागत.”

“उद्या खोलतो. बेअरिंग बदललं की...”

“नको!” काशी कोपरावर टेकून उठली. मग हळू आवाजात म्हणाली, “नको. आहे तसाच राहू दे.”

शिवलकरांचा हात आपोआप ओठाकडे गेला, आणि तिथे काही नसल्यामुळे परत खाली आला. काशीने साड्यांची घडी सारखी केली. पण बाजूला सरकवली नाही.

काशी पुन्हा आडवी झाली. कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

“अहो,” ती म्हणाली, “उभेच आहात तर तेवढा तीनवर करा. गरम होतंय.”