बाबांना सांग

फरशीवर अंथरलेल्या कापडातून तिने कात्री अशी चालवली, की जणू कापडाच्या जागी नवऱ्याची मान असावी. ती शिंपीण, तो सुतार. कापड बेतायचं टेबल त्यानेच तिला करून दिलं होतं आणि गेल्या आठवड्यात, तिला न विचारता, त्यानेच ते भावाला देऊन टाकलं. तेव्हापासून घरात अबोला होता. अबोल्यातही बोलण्यासारखं बरंच असतं. ते काम चार वर्षांच्या ठकीकडे आलं.

ठकी म्हणजे नमुना होता. दूध पी म्हटलं की बहिरी, चपला घाल म्हटलं की पांगळी. पण ‘बाबांना सांग’ म्हटलं, की मागच्या खोलीकडे वाऱ्यासारखी सुटायची. पोर सुधारली, याबाबत मात्र आईबापांचं न बोलता एकमत होतं.

“बाबांना सांग, माझे गुडघे कामातून गेले.”

ठकी गेली आणि आली.

“बाबा म्हणाले, बरं.”

“बरं?” तिने कात्री आपटली. कपाटातले कपडे पिशवीत कोंबले. “सांग, मी चालले तुझ्या मामाकडे. परत येणार नाही. बस म्हणावं भावाच्या गळ्यात गळा घालून.”

या वेळी ठकीला यायला जरा वेळ लागला.

“बाबा म्हणाले, जाऊ नकोस. माझं चुकलं.”

पिशवीचा बंद तिच्या हातात तसाच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात त्या तोंडातून हे वाक्य चुकूनही निसटलं नव्हतं. ती तरातरा मागच्या खोलीत गेली. रंधा भुशात पडला होता. खुंटीवर शर्ट नव्हता. अंगणाकडचं दार सताड उघडं होतं.

ती परतली, तेव्हा ठकी भिंतीकडे बघत होती.

तेवढ्यात लाकूड चिकटवायच्या सरसाचा डबा घेऊन तो पुढच्या दाराने आत आला. पिशवी पाहून थबकला. मग घरच्या रीतीप्रमाणे खाली बघून म्हणाला,

“ठके, आईला विचार, ही पिशवी कशाला.”

ठकी जागची हलली नाही. सकाळपासून साय धरून बसलेला दुधाचा पेला तिने दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला. चेहरा पेल्याआड गेला.

“ठके, ऐकलंस का?”

“मला विचार,” शिंपीण नवऱ्याला म्हणाली. “तोंड आहे ना तुला?”

दूध कधीच संपलं होतं. पेला खाली आला नाही.