टाकी धुतल्याची नोंद

मित्रांनो, मी गावसभेच्या नोंदींची एक जुनी वही आहे. माझ्यात लिहिलेलं सगळं खरं आहे, असं मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही.

नवी होते तेव्हा मी मोठी देखणी होते. लाल कापडी पाठ, आकडे घातलेली दोनशे पानं. पहिला कारकून हात पुसून मला उघडायचा. जो जे बोलेल ते तिथल्या तिथं लिहायचा आणि सभेला वाचून दाखवायचा. भांडणंसुद्धा सोडायचा नाही.

तो निवृत्त झाला. नव्याची रीत वेगळी. आधी सह्या, मजकूर मागाहून. सभा उठली की कोऱ्या जागेत तो एकटाच लिहीत बसे. दर महिन्याला एक ओळ ठरलेली: 'पाण्याची टाकी धुतली. ग्रामस्थांनी समाधान व्यक्त केले.' मला तेव्हाच शंका यायची. दर महिन्याला समाधान इतकं हुबेहूब कसं?

एकदा सभेला शिंपीण आली. कडेवर वर्षाचं लेकरू. पंधरा दिवस त्याचं पोट बिघडलेलं, अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. पाण्याकडे बघा, असं डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं. कारकुनानं पेन पुढं केलं. तिनं घेतलं नाही.

"वहिनी, सही करा आणि मोकळ्या व्हा. बाळ किरकिर करतंय."

"करू दे. वर काय लिहिणार, भाऊजी?"

"नेहमीचंच."

"मग नेहमीचं वाचते की."

तिनं माझी मागची पानं उलटली. किती दिवसांनी मला कुणी वाचत होतं! टाकीची ओळ तिनं मोठ्यानं वाचली. मग आधीच्या महिन्याची, मग त्याच्याही आधीची. पाणी सोडणारा काका मान खाली घालून बसला.

"काका, कधी धुतलीत?"

"शिडी मोडलीय, बाई. दीड वर्ष झालं. मी सांगितलं होतं. लिहिलंच नाही कुणी."

गावप्रमुख हसले. "एवढा संशय बरा नव्हे, वहिनी."

"पोर बरं होऊ दे, मग स्वभाव सुधारते."

काकाचं बोलणं तिनं कारकुनाकडून जसंच्या तसं लिहून घेतलं, वाचून घेतलं आणि शेवटच्या ओळीला चिकटून सही केली. मध्ये बोटभरही जागा ठेवली नाही. बाकीच्या बायकांनीही तसंच केलं. तिसऱ्या दिवशी शिडी आली. टाकीतून अकरा बादल्या गाळ निघाला. हळूहळू लेकरू सावरलं.

पुढच्या सभेत कारकुनानं तीच ओळ लिहिली. या वेळी ती खरी होती. तरी शिंपिणीनं लेकरू जावेकडे दिलं, टाकीवर चढून आत डोकावून आली, मगच सही केली.

मला राग आला नाही, मित्रांनो. उद्या तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारखी वही तुमच्यापुढंही येईल. तिच्यावर असाच संशय घ्या. आम्हा वह्यांना त्यातच मान वाटतो.