सहावी पिशवी

"परत मोजा," मावशी म्हणाल्या.

मी परत मोजल्या. लाल पिशव्या चारच भरल्या.

"तिसऱ्यांदा मोजल्या म्हणून पाच होणार आहेत का?" मी हसत म्हणालो. जेवणाची सुट्टी झाली होती, पोटात कावळे ओरडत होते. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं, खुर्ची सरकवली, स्वतःचा डबा उघडून त्यातही पाहिलं. मग सरळ उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेब, गाडी थांबवा."

माझं हसू तिथंच संपलं.

आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. लष्कराचे जवान विमानातून उड्या मारतात, त्यांच्या पॅराशूटच्या घड्या घालून ती पाठपिशवीत बांधायचं काम आमच्याकडं आहे. आमच्याकडं म्हणजे कंपनीकडं. पूर्वी हे काम लष्कर स्वतः करायचं, याच शेडमध्ये. दोन वर्षांपूर्वी ठेका कंपनीला मिळाला. कंपनीनं शेडला वातानुकूलन बसवलं, नवीन दिवे लावले, बायकांना पायात चांगले बूट दिले आणि देखरेखीला मला आणलं. त्याआधी मी गाद्यांच्या कारखान्यात होतो. माझ्या पाठीमागं सगळे मला 'गादीसाहेब' म्हणतात हे मला ठाऊक आहे. त्यात खोटं काही नाही. पण गादीवरून माणूस पडला तर फार तर कुशीवर पडतो, हा फरक माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

लष्कराच्या वेळच्या बायकांपैकी एकट्या मावशी उरल्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी छत्र्या बांधल्या. छत्री हा त्यांचाच शब्द. पॅराशूट म्हणायला लागणारा वेळ वाया जातो म्हणायच्या. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, पण कंपनी दर वर्षी त्यांना एकेक वर्ष वाढवून द्यायची. अट एकच, नावावर चूक नको. त्यांना पैशाची तशी नड नव्हती. घरी थोरली बहीण, दोघींची पेन्शन. "नोकरी आहे म्हणून आमचं बहिणी-बहिणींचं पटतं," त्या म्हणायच्या. "दिवसभर समोरासमोर बसलो तर एकीला तरी दवाखान्यात न्यावं लागेल." पण हे नुसतं बोलणं. सकाळी शेडचं कुलूप उघडायच्या आधी त्या दाराशी उभ्या असत, आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा सासरहून माहेरी आलेल्या मुलीसारखा असायचा.

आता पिशव्या. छत्रीचं कापड भलतं निसरडं. लांब टेबलावर पसरून घडी घालताना ते सरकू नये म्हणून त्यावर वजनं ठेवतात. शिशाचे छर्रे भरलेल्या, वीतभर लांबीच्या कापडी पिशव्या. प्रत्येक टेबलाला पाच, प्रत्येक टेबलाचा रंग वेगळा. मावशींचा लाल. घडी पुढं सरकेल तशी पिशवी काढून घ्यायची. एखादी आत राहिली तर छत्री उघडताना किलोभर शिसं एकतर कापड फाडणार, नाहीतर खाली लटकलेल्या माणसाच्या डोक्यात बसणार.

लष्कराच्या वेळी प्रत्येक छत्रीनंतर पिशव्या मोजायचे. मी आल्यावर हिशेब मांडला, प्रत्येक छत्रीमागं चार मिनिटं जात होती. मोजणी दिवसातून दोनदा केली, जेवणाआधी आणि घरी जाताना. एका टेबलावर दिवसाला चौदाच्या जागी सोळा छत्र्या व्हायला लागल्या. कंपनीनं माझं कौतुक केलं, मुख्य कार्यालयात माझा फोटो लावला. टाय लावून काढला होता.

त्या दिवशी जेवणापर्यंत मावशींच्या आठ छत्र्या झाल्या होत्या. सगळ्या टेबलांच्या मिळून पंचेचाळीस गाडीत चढत होत्या. उडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

मी केबिनमध्ये जाऊन मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणजे आमच्या व्यवस्थापक, वयानं माझ्याहून लहान, हुशार, आणि वाईट मुळीच नाहीत. त्यांच्या डोक्यावर त्या महिन्यात ठेक्याचं नूतनीकरण होतं.

"पिशवी जुनी होती का?" त्यांनी विचारलं.

"असेल. सगळ्याच जुन्या आहेत."

"मग गेल्या आठवड्यात फाटली आणि मोडीत काढली. असं होऊ शकतं ना?"

"होऊ शकतं," मी म्हणालो.

"बघा. मी काही सांगत नाही. तुम्ही जागेवर आहात."

मोडीची वही कपाटातून काढली. पेनचं टोपण उघडलं. दारात मावशी उभ्या होत्या, किती वेळ ते कळलं नाही.

"लिहा की," त्या म्हणाल्या. "आणि उद्या विमानात जाऊन पोरांना वाचूनही दाखवा."

मी वही मिटली. मोठं काही केलं असं नाही. त्यांच्यासमोर मला लिहिता आलं नसतं एवढंच. त्या आल्या नसत्या तर मी लिहिलं असतं. आजही मला याची खात्री आहे आणि आजही झोप मोडते.

गाडी रिकामी केली. मावशींच्या आठ छत्र्या एकामागून एक उघडल्या. बाकीच्या बायका डबे तसेच ठेवून भिंतीशी उभ्या राहिल्या. बांधलेली छत्री उघडणं म्हणजे विणलेलं उसवणं, बघणाऱ्यालाही नको वाटतं. पहिली. दुसरी. मावशी दोऱ्या सोडायच्या, कापड झटकायच्या, तळहातानं चाचपायच्या आणि "नाही" म्हणायच्या. सातव्या वेळी त्यांचा आवाज बसला होता. आठवीतही पिशवी नव्हती.

"आता?" मी म्हणालो.

"आता बाकीच्या."

"पण पिशवी तुमच्या टेबलाची आहे, मावशी. दुसऱ्यांच्या छत्रीत कशी जाईल?"

तेव्हा निळ्या टेबलाची बाई रडायला लागली. तिला सगळे शर्टवाली म्हणायचे. आधी ती कपड्यांच्या दुकानात शर्टच्या घड्या घालायची; आमच्याकडं येऊन दोन महिने झाले होते आणि तिसरा पुरा झाल्याशिवाय कायम होणार नव्हती. घरी चार वर्षांचं मूल आणि आजारी नवरा.

"मावशी, सकाळी माझं कापड सरकत होतं," ती हुंदके देत म्हणाली. "तुम्ही मला एक दिली होती."

मावशींनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! दिली होती की गं. माझ्या डोक्यातून पारच गेलं."

"तुमची पहिली छत्री उघडली तेव्हाच मला आठवलं," शर्टवाली म्हणाली. "पण बोलायचा धीरच होईना."

मला संताप आला. आठ छत्र्या उघडेपर्यंत ही बया तोंडाला कुलूप लावून उभी होती! मी काहीतरी तोडून बोलणार तोच मावशी म्हणाल्या, "आता बोललीस ना? झालं तर मग. चल, तुझ्या आण."

घडलं होतं ते असं. शर्टवालीनं आपल्या निळ्या पिशव्या काढून घेतल्या, हातात पाच आल्या, आणि तिचं समाधान झालं. पाचच मोजायची सवय. सहावी होती हेच ती विसरली. जेवणाच्या मोजणीतही निळ्या पाच बरोबर. तिच्या सहा छत्र्यांपैकी तिसरीत, अगदी आतल्या घडीत, लाल पिशवी निघाली. मावशींनी ती उचलून टेबलावर ठेवली.

त्या छत्रीवर उद्याच्या तारखेचा कागद लावलेला होता. कोणाच्या तरी पाठीवर ती गेली असती. कोण तो, मला कधीच कळणार नव्हतं.

गाडी दोनऐवजी सहाला निघेल असं लष्कराच्या अधिकाऱ्याला कळवलं. तो समजूतदार होता, फक्त म्हणाला, "लेखी कारण पाठवा." कारणाचा छापील कागद आमच्याकडं आहे. त्यात एक रकाना आहे, 'जबाबदार व्यक्तीचे नाव'. एकच नाव मावेल एवढा.

मी कागद घेऊन दोघींसमोर बसलो. शर्टवाली म्हणाली, "साहेब, माझं लिहा. छत्री माझी होती."

"पिशवीचा रंग कोणता?" मावशींनी मला विचारलं.

"लाल."

"नियम काय? पिशवी ज्या टेबलाची, जबाबदारी त्या टेबलाची. एका टेबलाची पिशवी दुसऱ्या टेबलावर देऊ नये, हे मी नव्या बायकांना शिकवते. आणि दिली कोणी? मी. लिहा."

"मावशी, नका हो," शर्टवाली म्हणाली.

"तू गप गं. तुला अजून एक महिना भरायचाय. माझी एकतीस वर्षं झालीत, हौस फिटली माझी."

फिटली नव्हती. ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"मोजणीची वेळ मी बदलली होती," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "दर छत्रीनंतर मोजलं असतं तर तुमच्या चारच भरल्यात हे तेव्हाच कळलं असतं."

मावशींनी माझ्याकडं नीट पाहिलं. "त्याला रकाना आहे?"

"नाही."

"मग राहू द्या."

मी मावशींचं नाव लिहिलं. खाली रिकामी जागा होती, तिथं दोन ओळी माझ्याबद्दल लिहिता आल्या असत्या. मी कागद पाठवून दिला. अर्ध्या तासानं मॅडमचा फोन आला. त्या हळू आवाजात बोलत होत्या, त्यांनाही ते गोड वाटत नव्हतं. नूतनीकरणाच्या तोंडावर दुसरा मार्ग नव्हता. मावशींना उद्यापासून यायचं नाही म्हणून सांगा, प्रवेशपत्र सहाला जमा करून घ्या.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. मावशी "बरं" म्हणाल्या आणि घड्याळाकडं बघून पुन्हा म्हणाल्या, "बरं. अजून एक राहिलीय."

तीच ती, पिशवी निघालेली; उघडलेल्या बाकीच्या छत्र्या सगळ्यांनी मिळून पुन्हा बांधल्या होत्या. शर्टवाली तिला हात लावायला तयार नव्हती म्हणून मावशींनी ती आपल्या टेबलावर घेतली होती. मी केबिनकडं वळलो तर त्या म्हणाल्या, "तुम्ही कुठं चाललात? ते टोक धरा."

दोन वर्षांत मी छत्रीला हात लावला नव्हता. कापड हातात आलं तेव्हा कळलं, किती हलकं असतं ते.

"ओढा. एवढं नको, गादीचा अभ्रा आहे का तो? हां. आता दोऱ्या बघा, एकीवर दुसरी चढलेली नाही ना? बोटानं बघा, डोळ्यानं नाही."

मी बोटानं बघितलं. मध्येच खिशातला फोन वाजला, मी तो बंद केला. त्या घडी घालत गेल्या, पिशवी ठेवायची, काढायची, मला दाखवायची. पाच पिशव्या त्यांनी माझ्या ओंजळीत दिल्या, मी मोजल्या. अखेर सगळं पाठपिशवीत गेलं, गाठ बसली. सहाला पाच मिनिटं कमी होती. बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न दिला.

प्रत्येक छत्रीला एक कार्ड असतं. त्यावर बांधणाऱ्याची सही आणि तपासणाऱ्याची सही. तपासणारा मी. माझ्या सहीचा रबरी शिक्का केला होता, गाडी भरली जात असताना चहा पिता पिता कार्डांचा गठ्ठा घेऊन बसायचो. मावशींनी आपली सही केली, कार्ड माझ्यापुढं सरकवलं आणि पेन दिलं.

"आज शिक्का नको," त्या म्हणाल्या. "आज तुम्ही पाहिलंय. पाहिलंत ना सगळं?"

मी पेन टेकवलं. हात पुढं जाईना. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला.

"मावशी," मी म्हणालो, "फोन वाजला तेव्हा दुसरी घडी चालली होती. तेवढी मी नाही पाहिली."

मी पाहिलीय, एवढंच त्या म्हणाल्या असत्या तर मी सही केली असती, आणि ती खोटीही ठरली नसती. एकतीस वर्षांत त्यांच्या घडीत कधी चूक निघाली नव्हती. मग त्यांनी कार्ड परत घेतलं, स्वतःच्या सहीवर एक आडवी रेघ मारली, आणि गाठ सोडायला घेतली.

"गाडीवाल्याला चहा पाठवा," त्या म्हणाल्या. "आणि ते टोक धरा."